कुंडीतली हळद काढली, आता उकडायची की नुसती कापून वाळवायची?

अंगणवेल (१ फेब्रुवारी)
नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर भाजीपाला करते हे जुन्या लोकांना माहितीच आहे. मेच्या शेवटी चार मोठ्या ग्रो बॅगांमध्ये सेलम हळदीचं बेणं लावलं होतं. पावसात पानं कमरेएवढी झाली, गणपतीनंतर मधूनच फुलं पण आली, मग डिसेंबरात कडा पिवळ्या पडायला लागल्या आणि संक्रांतीपर्यंत सगळी पानं वाळून आडवी. पाणी तोडलं, पंधराएक दिवस थांबले आणि आज बॅगा ताडपत्रीवर उलट्या केल्या. माती झटकून धुवून वजन केलं तर साडेसहा किलो! मला वाटलेलं किलो दीड किलो निघाली तर निघाली.
आता प्रश्न असा की पुढे काय. सासूबाई म्हणतात उकडल्याशिवाय हळद होतच नाही, शेजारच्या काकू म्हणतात काप करा, वाळवा, मिक्सरला फिरवा, झालं. व्हिडिओ बघावे तर प्रत्येकाचं वेगळंच. कुणी प्रत्यक्ष केलंय का? थोडं लोणचं घालायचंय आणि पुढच्या वर्षीचं बेणं पण ठेवायचंय, त्यामुळे सगळंच सांगा.

बाल्कनीवाला (१ फेब्रुवारी)
अभिनंदन! फोटो टाका ना. मी काप करून वाळवणाऱ्यांतला. उकडण्याच्या भानगडीत पडूच नका, गॅस जळतो, पातेलं पिवळं होतं आणि वाळायला दोन आठवडे. पातळ काप चार-पाच दिवसांत कडकडीत होतात, हातानं मोडतात, मिक्सर सहज घेतो. अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये टाकलंत तर भांड्याच्या पात्याची वाट लागेल एवढं नक्की.

काळी_माती (२ फेब्रुवारी)
ताई, आमचं मिरजेकडं घरचं हळदीचं रान आहे म्हणून सांगतो. आधी कंद वेगळे करा, सगळं एकत्र उकडू नका. मधला गोल जाडजूड असतो तो जेठा गड्डा, त्याच्या बगलेला फुटतात ते बगल गड्डे, आणि लांब बोटासारखी ती हळकुंडं. एखादा सुरकुतलेला, काळपट, हलका गड्डा सापडंल, तो तुम्ही मेमध्ये लावलेलंच जुनं बेणं, त्याला आम्ही सोरा गड्डा म्हणतो, तो बाजूला काढा. जेठा जाड असतो त्याला शिजायला वेळ लागतो, हळकुंड लवकर शिजतं, एकत्र टाकली तर एक कच्चं राहणार नाहीतर दुसऱ्याचा लगदा होणार.
उकडायची असंल तर काढल्यापासून दोन-तीन दिवसांत उकडा, जास्त दिवस ठेवून नको. कंद बुडतील एवढं पाणी, वर हळदीचाच वाळका पाला झाकण म्हणून घाला. रानात काहिलीत असंच करायचो, आता वाफेचे कुकर आलेत. उकळी आल्यावर पाऊण तास ते तास, फेस येतो आणि हळदीचा असा वास सुटतो की घरात कळतंच. मग एक हळकुंड काढून त्यात काडी टोचायची, सहज आत गेली की बास. जास्त शिजलं तर रंग जातो, कमी शिजलं तर वाळल्यावर ठिसूळ होतं.
वाळवताना थर दोन-तीन इंचाचा ठेवा. फार पातळ पसरलं तर रंग उडतो. संध्याकाळी गोळा करून झाकायचं, दव लागू द्यायचं नाही. दहा-पंधरा दिवस लागतात. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखण आवाज आला पाहिजे, थप्प असा आला तर आत ओल आहे. पाच किलो ओलीची वाळून साधारण किलोभर होते, कधी जास्त कधी कमी, त्यामुळं तुमच्या साडेसहाची सव्वा-दीड किलो धरा.

तिखटमीठ (२ फेब्रुवारी)
काळी माती, फार छान लिहिलंत. पण उकडायचं नक्की कशासाठी हे पण सांगा ना, म्हणजे बाल्कनीवाल्यांचा मुद्दा निकालात निघेल.

काळी_माती (२ फेब्रुवारी)
त्यांचा मुद्दा चुकीचा नाहीच. उकडल्यावर आतला स्टार्च शिजतो, रंग कंदभर सारखा पसरतो, कच्च्या मातकट वासाची धार जाते आणि डोळा मरतो म्हणजे परत कोंब येत नाही. वाळताना वाळतंही एकसारखं. बाजारात विकायचं, वर्षभर पोत्यात ठेवायचं, पॉलिश करायचं तर उकडणं लागणारच. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे, त्यातली बरीच २००५च्या पुरात गेली. तिथं कच्चं टिकायचं कामच नाही. घरात सहा महिन्यांत संपवायची असंल तर काप चालतील, हरकत नाही.

बाल्कनीवाला (२ फेब्रुवारी)
बघा! म्हणजे मी म्हणत होतो तेच. सहा किलोला काप.
बाय द वे, सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ना?

काळी_माती (२ फेब्रुवारी)
हो, २०१८ला. नंतर हिंगोलीच्या वसमतलाही मिळालंय.

वऱ्हाडी_ठेचा (३ फेब्रुवारी)
आणि आमच्या वायगावला विसरले का? वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका, २०१६लाच जीआय भेटलं आहे, सांगलीच्या आधी! रंग असा की चिमूटभर टाकलं तरी वरण सोन्यासारखं. बाकी चालू द्या.
अंगणवेल ताई, मार्चमधलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला कुरिअरनं पाठवू का? इकडे एकदा का होळी झाली की दहा दिवस काय, पाच दिवसांत सगळं खडखडीत. आई याच दिवसांत सगळं वाळवण उरकते. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या चकत्या, घरच्या मिरच्या. सांडगी मिरची तर ताज्या तोडलेल्याच करायच्या. मिरची मधून चिरून बिया थोड्या काढायच्या, धणे-जिरे-मेथी भाजून भरड, हळद, हिंग, मीठ, आणि आंबट दही घालून ते कालवण भरायचं, उन्हात टाकायचं. संध्याकाळी परत उरलेल्या दह्यात लोळवायचं, परत ऊन. पांढरट पिवळी पडली आणि वाजायला लागली की झाली. तळून वरणभाताबरोबर, संपला विषय.

मुक्कामपोस्ट_ठाणे (३ फेब्रुवारी)
तुमचं ऊन आम्हाला पण पाठवा. आमच्या खिडकीत ऊन सकाळी दहा ते बारा, त्यातही कबुतरं. आणि मार्चनंतर हवेत एवढं दमट की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. मी काय करते सांगू का, काप जाळीवर पसरून पंख्याखाली एक दिवस, मग ओव्हन सगळ्यात कमी तापमानाला, साठच्या आसपास, दार थोडं उघडं ठेवून. वीज खातं हे मान्य. पण बुरशी आलेल्या हळदीपेक्षा बरं. डबा हवाबंद हवा आणि भरायच्या आधी काप पूर्ण गार झालेले हवेत, कोमट भरले तर झाकणाला आतून वाफ धरते आणि सगळी मेहनत पाण्यात.

अंगणवेल (३ फेब्रुवारी)
वा, किती माहिती! फोटो उद्या टाकते. मी ठरवलंय, निम्म्याची हळकुंडं उकडून, निम्म्याचे काप. दोन्ही करून बघते म्हणजे घरातलं भांडण मिटेल. लोणच्याचं कुणी सांगणार का?

तिखटमीठ (३ फेब्रुवारी)
लोणचं माझ्याकडून. पाव किलो ओली हळद सोलून (हाताला आधी तेल चोळा किंवा ग्लोव्हज घाला, नाहीतर आठवडाभर ऑफिसात लोक विचारतील हळदीला गेला होता का) बारीक लांब काड्या करायच्या, किस नको, किसाचं पिठूळ होतं. त्यात छटाकभर आल्याच्या काड्या, चार-पाच तिखट मिरच्यांचे तुकडे, आणि मिळाली तर थोडी आंबेहळद, तिला कैरीचा वास असतो त्यामुळे फार मजा येते. दोन-अडीच चमचे मीठ लावून तासभर ठेवा. मग सहा-सात लिंबांचा रस, लिंबं रसाळ नसतील तर आणखी घ्या, सगळ्या काड्या रसात बुडल्या पाहिजेत. दोन चमचे मोहरीची डाळ मिक्सरला फिरवून घाला. शेवटी हिंगाची फोडणी, ती पूर्ण गार करून, गरम ओतली तर मोहरी कडू लागते. दोन-तीन दिवसांनी लिंबू मुरतं, हळदीचा कच्चट वास जातो. फ्रीजमध्ये ठेवा, काचेच्या बरणीत, कोरडा चमचा.

एडिसनची_आजी (४ फेब्रुवारी)
तिखटमीठ, लिंबाच्या रसात बुडवा असं तू आवर्जून लिहिलंस ते फार बरं केलंस. इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळातल्या काही जणी ओली हळद आणि लसूण नुसत्या तेलात घालून ओट्यावर ठेवतात, ते मात्र अजिबात करू नये. तेलाखाली हवा नसते आणि आंबटपणा नाही, तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वास, रंग काही बदलत नाही. आंबट रस हवाच, आणि वर फ्रीज.
इथे आम्हाला सगळं उलटं. ऑक्टोबरात पहिलं हिमदव पडतं, त्या आधी सगळं काढावं लागतं. हळद मार्चमध्ये घरात कुंडीत लावते, मेच्या शेवटी बाहेर, थंडी आली की परत आत. टोमॅटोंचं तर ऑगस्टात असं होतं की शेजाऱ्यांच्या पायरीवर पिशव्या ठेवून पळून यावं लागतं. मग डबाबंद. त्याला बाटलीतला लिंबाचा रस लागतोच, एका क्वार्टच्या बरणीला म्हणजे साधारण ९५० मिलीला दोन मोठे चमचे. झाडाचं ताजं लिंबू नको कारण त्याचा आंबटपणा कमीजास्त असतो, बाटलीचा ठरलेला. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितका कमी तितकं आंबट), ४.६च्या खाली राहिला पाहिजे, टोमॅटो कधीकधी बरोबर काठावर असतो.
शेवटी झाडावर हिरवे राहतात त्यांची आमच्याकडे तीळ-शेंगदाणे घालून चटणी.

बाल्कनीवाला (४ फेब्रुवारी)
आजी तुम्ही घाबरवलंत. आमच्या आज्या तर सगळी लोणची माजघरात बाराही महिने बरण्यांत ठेवायच्या, फ्रीज कुठे होता? कुणाला काही झाल्याचं ऐकलं नाही.

एडिसनची_आजी (४ फेब्रुवारी)
अरे बाबा, कैरी मुळात आंबट, त्यात भरपूर मीठ आणि मोहरी, तिथे त्या जंतूला वाढायला वावच नाही. वर तेल होतं ते बुरशीसाठी, हवा लागू नये म्हणून. हळद आणि लसूण आंबट नाहीत, हा फरक आहे. तुझ्या आजीनं नुसत्या तेलात लसूण महिनाभर ठेवला होता का, विचार तिला.

बाल्कनीवाला (४ फेब्रुवारी)
नव्हता. मुकाट्यानं मान्य.

भिरंडकर (५ फेब्रुवारी)
अहो पण पानांचं काय केलंत? वेंगुर्ल्यात आमच्या परसात हळद मुळात पानांसाठीच लावतात, कंद म्हणजे वरची कमाई. नागपंचमीला पातोळ्या, पानावर तांदळाचं पीठ थापायचं, गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडून वाफवायचं, पान उलगडलं की शिरा उमटलेल्या असतात आणि तो वास! पान नाही तर पातोळ्या नाहीत. फक्त एकाच झाडाची सगळी पानं ओरबाडू नका, बाहेरची दोन-तीन घ्या, बाकी कंद पोसायला राहू देत.
वाळवणाचा विषय निघालाच आहे तर आमसुलांचं लिहितो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. फोडून साल वेगळी, गर-बिया वेगळ्या. गरात मीठ घालून ठेवलं की लाल रस सुटतो. साल उन्हात वाळवायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात, असं करत पाच-सहा दिवस, तेव्हा कुठे साल काळी-जांभळी, चकचकीत, चिकट होते. ज्यांना घाई असते ते एकदाच बुडवतात, त्यांची आमसुलं भुसभुशीत आणि फिकी. उरलेल्या रसात आणखी मीठ घातलं की आगळ, सोलकढीला तेच. बियांचं घट्ट तेल निघतं, ते भेगाळलेल्या टाचांना. सगळं वळवाच्या आत आटपलं पाहिजे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात ढग आले की घरातले सगळे अंगणात धावतात.

मुक्कामपोस्ट_ठाणे (५ फेब्रुवारी)
भिरंडकर, गावाला एक झाड आहे, फुलं येतात पण फळ एकही नाही. कशामुळे?

भिरंडकर (५ फेब्रुवारी)
नर असणार. कोकमाची नर झाडं वेगळी, मादी वेगळी, आणि बीवरून लावलं तर फुलं येईपर्यंत कळत नाही, तोवर पाच-सात वर्षं गेलेली असतात. म्हणून मादी झाडाच्या काडीचं कलमच लावावं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता जात आहे. तुमचं झाड तोडू नका, आजूबाजूच्यांच्या माद्यांना ते उपयोगी पडतंय.

अंगणवेल (२२ फेब्रुवारी)
उशिरा आले, रिपोर्ट देते.
काप पाचव्या दिवशी तयार. दुपारी चारला हातात घेतले तर काडेपेटीतल्या काडीसारखे टकटक मोडत होते, मिक्सरमधून झटक्यात पूड, चाळणीवर फक्त थोडा चोथा राहिला. रंग एकदम तेजस्वी, केशरीकडे झुकणारा. वास मात्र उग्र. पहिल्या दिवशी आमटीत घातली तर नवऱ्यानं विचारलं, हे काय कच्चं लागतंय? नंतर तेलात नीट परतली तेव्हा ठीक.
उकडलेली हळकुंडं आज खणखण वाजली. काळी माती, तुमचा आवाजाचा उपाय अचूक. खडबडीत साल होती म्हणून गोणपाटात घालून दोघींनी दोन टोकं धरून घासली, बऱ्यापैकी गुळगुळीत झाली. दळायला गिरणीवाला तयार होईना, म्हणतो एवढ्याशा हळदीसाठी जातं धुवू का, आणि मागचं मिरचीचं लागेल ते वेगळंच. शेवटी खलबत्त्यात कुटून तुकडे केले, मग मिक्सर. रंग थोडा डाळीच्या बाजूचा, पण वास सौम्य, गोडसर. सासूबाईंनी चव बघितली आणि काही न बोलता उकडलेल्याचा डबा आपल्या कपाटात ठेवला. निकाल लागला म्हणायचं.
बाकी काप केलेली मी दुधात घालते, तिथे तो उग्रपणा उलट चांगला लागतो. लोणचं उत्तम, तिखटमीठला शंभर पैकी शंभर. ओढणीवर डाग मात्र पडलाय, साबण लावल्यावर चक्क लाल झाला, घाबरलेच.

तिखटमीठ (२२ फेब्रुवारी)
घाबरू नका, हळद क्षारात लाल होते, कुंकू पूर्वी तसंच करायचे, हळदीला चुना लावून. साबण धुवून टाका, परत पिवळा होईल, आणि ओली ओढणी कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन दिवसांत फिका पडतो. पांढऱ्या कपड्यांचा तर असा डाग दिसतच नाही नंतर. म्हणूनच पूड पण काचेच्या बरणीत उजेडात ठेवू नका, बंद कपाटात.

वऱ्हाडी_ठेचा (२३ फेब्रुवारी)
दुधात काळी मिरी पण टाकत जा चिमूटभर.
आणि सासूबाईंचा विजय असो!

अंगणवेल (२३ फेब्रुवारी)
त्यांना वाचून दाखवलं, हसल्या. आता शेवटचा प्रश्न, बेणं. जेठे गड्डे बाजूला काढलेत पण काही कोंब धरतील असं वाटतंय आणि मे अजून लांब आहे. मातीत पुरून ठेवू का?

काळी_माती (२३ फेब्रुवारी)
आत्ता पुरू नका, पाणी लागलं की कुजतील. कूज लागलेला, मऊ, काळ्या डागाचा एकही गड्डा त्यात नको, एक सडका सगळ्यांना लागतो. मुळ्या काढून टाका, धुवायचं नाही, सावलीत, हवेशीर जागी कोपऱ्यात ढीग लावा, वर वाळका हळदीचा पाला नाहीतर कोरडी वाळू. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. पंधरा दिवसांनी एकदा हलवून बघा. मेच्या शेवटी डोळे फुगलेले दिसतील, तेच लावा, दोन-अडीच इंच खोल. आणि त्याच बॅगेत तीच माती लागोपाठ वापरू नका, नाहीतर कंदकूज धरते. माती पालटा, निंबोळी पेंड घाला, तळाची भोकं मोकळी आहेत का बघा, हळदीला पाणी आवडतं पण पाय बुडवून उभं राहायला नाही आवडत.
जास्तीचं बेणं असंल तर वाया घालवू नका, ठाण्याच्या ताईंना द्या.

मुक्कामपोस्ट_ठाणे (२३ फेब्रुवारी)
हो हो! चार गड्डे माझे. पोस्टाचा खर्च मी देते, मेसेज केलाय.

बाल्कनीवाला (२३ फेब्रुवारी)
दोन माझे पण. आणि या वेळी मी पण थोडी उकडणार आहे, सांगू नका कुणाला.